अड्ड्याची उंची

पुस्तकात ‘खोलीचं तापमान’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे २० ते २४ अंश. रक्तातल्या प्लेटलेट या तापमानात सुखी असतात. फार गारठल्या की त्यांचा आकार बदलतो आणि काम सुरू व्हायच्या आतच त्या चिकटायला लागतात. लखनौत अशी खोली फेब्रुवारी-मार्चात काही दिवस आणि दिवाळीच्या आसपास काही दिवस मिळते. बाकी वर्षभर एकतर मे-जूनची लू, नाहीतर जानेवारीचं ते धुकं, ज्यात समोरच्या ओपीडीची पाटीसुद्धा दिसत नाही. आमचं सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्याचे थर वेगळे करणारं यंत्र, ड्रेसिंग रूमला लागून असलेल्या एका बोळकांडीवजा खोलीत होतं. उन्हाळ्यात दाराशी कूलर, हिवाळ्यात टेबलाखाली हीटर, आणि मध्ये मी, घड्याळाकडे बघत. वीज गेली की यंत्र घरघरत मंदावायचं आणि मी मनातल्या मनात वर्ध्याच्या भाषेत शिव्या घालायची.

मी वर्ध्याची. एम.एस. नागपूरला केलं आणि प्लॅस्टिक सर्जरीच्या पुढच्या तीन वर्षांसाठी लखनौच्या एका सरकारी रुग्णालयात आले. प्लॅस्टिक सर्जरी म्हटलं की लोकांना नाक-ओठ आठवतात. आमच्या नातेवाइकांपैकी एका मावशीने तर निघताना माझ्याकडे स्वतःच्या हनुवटीची चौकशी केली होती. सरकारी वॉर्डात ही शाखा मुख्यतः जखमांची असते. भाजलेल्या बायका, ट्रॅक्टरखाली सापडलेले पाय, कंबर मोडून महिनोन्महिने पडून राहिलेल्यांचे बेडसोर, आणि मधुमेहाचे पाय. मधुमेहाच्या पायांना अंत नाही.

पहिल्याच आठवड्यात एका सीनियरने विचारलं, “आप तो पूना की हैं न? वो नाक वाले कुम्हार की तरफ की?” वर्धा ते पुणे किती लांब आहे हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. ते बोलत होते ती गोष्ट मात्र खरी. इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवान कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक कापलं. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्याच कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते छापून आलं आणि युरोपातल्या सर्जनांनी ती पद्धत उचलली. सीनियरना मी उलट ऐकवलं की मी नागपूरला शिकलेली आहे, जिथे डॉ. बालकृष्णन यांनी १९५८ साली प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. ते हसले आणि सेंट्रिफ्यूजची किल्ली माझ्या हातात ठेवली. “फिर ये भी आप ही सँभालिए.”

तर ते यंत्र ज्यासाठी होतं ते पीआरपी. प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. डेंग्यूच्या कृपेने प्लेटलेट हा शब्द आता आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला आहे. ताप आला की लोक आकडा विचारतात आणि पपईचं पान शोधायला निघतात. प्लेटलेट रक्त थांबवते हे सगळ्यांना ठाऊक असतं. इटलीच्या बिझोझेरो यांनी १८८२ साली तेच दाखवून दिलं होतं. पण रक्त थांबवणं हे तिचं अर्धंच काम. तिच्या पोटात बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्या पिशव्यांत वाढीची प्रथिनं भरलेली असतात. जखमेत पोचून ती फुटली की ही प्रथिनं बाहेर पडतात आणि आसपासच्या पेशींना बोलावतात: कुणी या नवी केशवाहिनी विणायला, कुणी या तंतू टाकायला, कडेच्या कातडीने आत सरकायला लागा. बहुतेक माल पहिल्या दहा मिनिटांत बाहेर येतो, उरलेला तासाभरात. जुनाट जखमेत नेमकं हेच आवतण गेलेलं नसतं. शरीराला ती जखम जणू सवयीची झालेली असते. म्हणून त्याच माणसाचं थोडं रक्त घ्यायचं, त्यातल्या प्लेटलेट दाट करायच्या आणि त्या जखमेत सोडायच्या. १९८६ साली अमेरिकेत नाइटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमांवर असा अर्क वापरल्याचं प्रसिद्ध केलं. १९९८ मध्ये मार्क्स यांनी जबड्याच्या हाडांसाठी तो वापरला आणि तिथून हे नाव सगळीकडे पसरलं.

ऐकायला हे सोपं वाटतं, करायला तितकंसं नाही. २० मिली रक्त घ्यायचं, तेही सायट्रेट असलेल्या नळीत. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीएच्या नळीत घेतलं तर प्लेटलेट खराब होतात. मग पहिली फिरकी, हलकी. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळा प्लाझ्मा, आणि दोघांच्या मध्ये दुधावरच्या सायीसारखा एक पातळ पांढरट थर. तो थर आणि वरचं पिवळं पाणी सिरिंजने अलगद ओढून घ्यायचं. हात थरथरला की तांबडं वर येतं आणि सगळं मुसळ केरात. मग दुसरी फिरकी, जोराची. आता प्लेटलेट तळाशी जातात. वरचं दोन तृतीयांश फेकायचं आणि उरलेल्यात तळाची ती साय हलकेच मिसळायची. हाती येतं ते दोन, फार तर अडीच मिली. त्यात कॅल्शियमचे थेंब टाकले की थोड्या वेळाने त्याची जेली होते. ही जेली जखमेवर, आणि जेली व्हायच्या आधीचं थोडं बारीक सुईने जखमेच्या काठाकाठाने.

पहिला दीड महिना मी हे सगळं मनोभावे केलं आणि ते पीआरपी नव्हतंच.

कळलं ते असं. पॅथॉलॉजीतल्या एका मैत्रिणीला मी गंमत म्हणून उरलेला थेंबभर नमुना मोजायला दिला. रुग्णाच्या रक्तात प्लेटलेट होत्या मायक्रोलिटरमागे १ लाख ८० हजार. मी मेहनतीने दाट केलेल्या द्रवात २ लाख १० हजार. जखमेसाठी किमान १० लाखांच्या घरात हव्यात असं सर्वसाधारणपणे धरतात. म्हणजे मी रुग्णांच्या जखमांवर सुंदर रंगाचं पिवळं पाणी ओतत होते. मैत्रीण म्हणाली, “चटनी बनी ही नहीं, तुम पानी परोस रही हो।”

चूक आकड्यात होती. शोधनिबंधात ‘१५०० आरपीएम, १० मिनिटं’ असं वाचून मी यंत्रावर १५०० लावत होते. पण यंत्र मिनिटाला किती फेरे मारतं याच्याशी प्लेटलेटला काही देणंघेणं नसतं. तिला कळतो तो फेकला जाण्याचा जोर, आणि तो फेऱ्यांबरोबर यंत्राच्या हाताच्या लांबीवरही ठरतो. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात १५०० फेऱ्यांना साधारण २५० जी इतका जोर मिळतो. आमचं यंत्र थोरलं, त्रिज्या १६ सेंटिमीटर. त्यात तेवढ्याच फेऱ्यांना ४०० जी. पहिल्याच फिरकीत माझ्या प्लेटलेट तांबड्या पेशींबरोबर तळाला जात होत्या आणि मी त्या टोपलीत फेकत होते. फुटपट्टी घेऊन यंत्राची त्रिज्या मोजली, गणित करून १२०० वर आणलं, पुन्हा मोजायला दिलं: ९ लाख ४० हजार. त्या दिवशी मी मेसमध्ये दोनदा खीर घेतली. मात्र एक गोष्ट मनात रुतून बसली. त्या दीड महिन्यातल्या माझ्या रुग्णांपैकी काही जणांच्या जखमा पिवळ्या पाण्यावरही भरत आल्या होत्या.

रुग्णांना या उपचाराचं अप्रूप फार. हरदोई, सीतापूर, बाराबंकीकडून आलेली माणसं. एकाने विचारलं, “हमरै खून निकरिहौ औ हमहीं का लगइहौ?” हो म्हटल्यावर तो समाधानाने मागे टेकला. बाजारच्या औषधावर त्यांचा विश्वास नव्हता, आमच्यावर जेमतेम. स्वतःच्या रक्तावर मात्र पूर्ण. जे गृहस्थ चार महिने साखर तपासायला टाळाटाळ करत होते तेच पीआरपीच्या दिवशी सकाळी सातला, आंघोळ करून, हजर. हा विश्वास मला सुरुवातीला आवडला. नंतर त्याची भीती वाटायला लागली, कारण तो मलाही लागला होता.

बहराइचकडचे एक शेतकरी. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या तळाशी रुपयाएवढी जखम, लालसर, स्वच्छ दिसणारी. मी दोनदा पीआरपी दिलं. जखम वरून झपाट्याने आकसली. मी फोटो काढले, सादरीकरणात घातले, टाळ्यासुद्धा मिळाल्या. तिसऱ्या खेपेला ते आले तेव्हा बोट भोपळ्यासारखं सुजलेलं आणि वरच्या नव्या कातडीखाली पू. मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं: बोथट सळई घेऊन जखमेच्या तळाशी टेकवली. टक्क. हाड लागलं. हाडात संसर्ग आधीपासून होता. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची, फुकटची. मी केली नव्हती, कारण मला सेंट्रिफ्यूजची घाई होती. बोट काढावं लागलं. ते गृहस्थ मला काही बोलले नाहीत. त्यांच्या मुलाने विचारलं की राहिलेल्या बोटांनाही “वो पीला वाला” द्यायचं का. त्या संध्याकाळी मी जेवले नाही.

उस्तादांची गोष्ट मला जास्त विस्ताराने सांगायची आहे.

लखनौच्या चौक बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत जरदोजीचे, म्हणजे जरीच्या भरतकामाचे, कारखाने आहेत. कारखाना म्हणजे एक खोली आणि तिच्यात एक-दोन अड्डे. उस्ताद तिथले. वय साठीच्या आतबाहेर, बारा वर्षांचा मधुमेह, पांढरा शुभ्र कुर्ता, आणि डाव्या पायाच्या बाहेरच्या घोट्यावर आठ महिन्यांची जखम. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर म्हणाले, “अच्छा, भातखंडे साहब के मुल्क से!” पंडित भातखंड्यांनी १९२६ साली इथे संगीताचं कॉलेज काढलं. आपल्याकडे कुणी आठवण काढो न काढो, लखनौच्या जुन्या माणसांना ते नाव घरचं आहे. त्यांच्यासमोर मला उगीच आपण सुरात बोलतोय का याची धास्ती वाटायची.

यावेळी मी काही सोडलं नाही. सळई घातली, हाड लागलं नाही. पायाच्या दोन्ही नाड्या बोटाला लागत होत्या. मेलेली कातडी खरवडून काढली, इन्शुलिन सुरू करवलं. सलाइनच्या पिशवीवरचं पारदर्शक प्लॅस्टिक जखमेवर ठेवून मार्करने कड गिरवली, तारीख टाकली आणि आलेखाच्या कागदावर चौकोन मोजले: ६ चौरस सेंटिमीटर. मधुमेहाची जखम पहिल्या चार आठवड्यांत निम्म्याने आली नाही तर आपण कुठेतरी चुकतोय असं समजावं, हा या कामातला उपयोगी ठोकताळा. आणि निक्षून सांगितलं, “चलना बिलकुल कम कीजिए। ज्यादा से ज्यादा बैठे रहिए।”

चार आठवडे, चार वेळा पीआरपी, मोजून दिलेलं, १० लाखांच्या वरचं. जखम ६ वरून ५ वर आली आणि पुढच्या आठवड्यात परत साडेपाच. प्लॅस्टिकचे तुकडे एकावर एक ठेवले तर सगळ्या कडा जवळपास एकमेकींवर बसत होत्या. मी त्यांना जरा तोडूनच विचारलं, तुम्ही चालता ना? ते दुखावले. “बिटिया, हम तो घर से कारखाने भी रिक्शे पर जाते हैं। आप ही ने फरमाया था, बैठे रहिए।”

त्या रविवारी मी चौकात गेले. खरं तर आईसाठी चिकनचा कुर्ता घ्यायचा होता आणि थंडीत मिळणारं ते मक्खन मलाई खायचं होतं. उस्तादांचा कारखाना वाटेत होता म्हणून डोकावले. अड्डा म्हणजे लाकडी चौकट, वीतभर-दीड वीत उंचीच्या पायांवर ठेवलेली, तिच्यावर कापड ढोलकीसारखं ताणून बांधलेलं. भोवती चार माणसं जमिनीवर मांडी घालून. उजवा हात वरून आरी टोचतो, डावा हात कापडाखाली धागा धरून असतो. खालच्या हाताला काही दिसत नाही, त्याला फक्त कळतं. उस्ताद उठून सलाम करू लागले. ते उठले आणि मला खालची दरी, म्हणजे सतरंजी, दिसली. त्यांच्या डाव्या घोट्याच्या जागी दरीला खोलगट खळगा पडला होता, आणि तिथले धागे झिजून खालचं सिमेंट दिसत होतं.

चाळीस वर्षं, दिवसाला दहा तास, सगळ्या मांडीचा भार त्या एका हाडावर. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली, त्यामुळे टोचत नाही आणि कूस बदलावीशी वाटत नाही. आणि वर मी डॉक्टर म्हणून सांगितलेलं: बसून राहा.

पाश्चात्त्य पुस्तकांतली मधुमेहाची जखम तळपायावर असते, कारण तिथे माणसं खुर्चीवर बसतात आणि बुटात चालतात. मांडी घालून बसणाऱ्या देशात ती घोट्यावरही असते हे मला नागपूरला शिकवलं होतं. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायावर आयुष्यभर काम केलं, भारतात आणि टांझानियात पाय वाचवण्याचं प्रशिक्षण उभं केलं. त्यांच्या गावात शिकून मी लखनौच्या दरीवरचा खळगा बघायला पाच आठवडे लावले.

उपाय सुचवणं सोपं होतं. अड्डा उंच करा, बाकावर बसा. उस्तादांनी शांतपणे सांगितलं की अड्डा एकट्याचा नसतो. तो वर गेला तर चौघांना वर यावं लागेल. शिवाय उंच बसलं की खालचा हात चुकीच्या कोनात पडतो आणि टाका सैल येतो. लग्नसराईचे दिवस होते, लेहंग्याचं काम अंगावर होतं. मी गप्प बसले. आधी डावा पाय अड्ड्याखाली लांब करून रजाईच्या घडीवर ठेवायचा, असं ठरलं. मग त्यांच्या पुतण्याने अड्ड्याच्या पायांखाली विटा लावल्या, एक थर, मग दोन. चौघांसाठी फळ्यांचे बाक ठोकले. पहिले पंधरा दिवस चौघांचीही कंबर धरली आणि चौघांनीही, अत्यंत अदबीने, मला दोष दिला. शेवटी बाक १४ इंचांवर स्थिरावला. टाका परत घट्ट यायला लागला, असं उस्ताद म्हणाले. मला तो आधीही घट्टच दिसत होता.

मध्ये मी पाचवं पीआरपी दिलं. सात आठवड्यांत जखम भरली. आपल्याकडेही जखम भरते, त्यांच्याकडेही जख्म भरता है. खड्डा भरावा तशी तळातून वर येते, ते रोज बघितल्यावर हा शब्द किती नेमका आहे ते कळतं.

आता ती कशाने भरली? मी माझ्या प्रबंधात ती ‘पीआरपीने बऱ्या झालेल्या’ रुग्णांत धरली. छापील तक्त्यात रकाने होते: वय, साखर, जखमेचं क्षेत्रफळ, पीआरपीच्या खेपा, प्लेटलेटची संख्या. अड्ड्याच्या उंचीला रकाना नव्हता. मी गाइडना विचारलं, टीप घालू का? ते म्हणाले, घाला, पण परीक्षक हसतील. मी घातली. परीक्षक हसले नाहीत, त्यांनी ती वाचलीच नाही.

पीआरपी थोतांड आहे असं मी म्हणत नाही. ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये २६६ रुग्णांवर केलेली एक चांगली चाचणी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आली. मधुमेहाच्या हट्टी जखमांवर रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट, पांढऱ्या पेशी आणि फायब्रिनची चकती बसवली तर २० आठवड्यांत ३४ टक्के जखमा भरल्या. नुसत्या नेहमीच्या उपचाराने २२ टक्के. फरक खरा आहे. पण त्यातही दोन गोष्टी बघा. चकती लावूनसुद्धा दर तीन जखमांतल्या साधारण दोन भरल्या नाहीत. आणि ‘नेहमीचा उपचार’ म्हणजे तिथे नियमित खरवडणं, पायावरचा भार काढणं, संसर्गावर लक्ष. आमच्याकडे नेहमीचा उपचार म्हणजे बिटाडिनची पट्टी आणि ‘अगले हफ्ते आना’. कोक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यानेही मधुमेही पायाच्या जखमेला फायदा होत असावा असंच जपून म्हटलं, आणि पुरावा कमी प्रतीचा आहे हेही. इतर जुनाट जखमांबद्दल तेवढंही म्हटलं नाही.

बाहेर बाजारात हे जपून बोलणं कुणाला परवडत नाही. लखनौच्या गोमतीनगरपासून पुण्याच्या डेक्कनपर्यंत केसांच्या, चेहऱ्याच्या, गुडघ्याच्या पीआरपीच्या पाट्या लागल्या आहेत. त्यातल्या किती ठिकाणी तयार द्रवातल्या प्लेटलेट कुणी मोजतं, कोण जाणे. मी स्वतः दीड महिना पिवळं पाणी वाटलेली बाई आहे, म्हणून विचारते.

मी आता विदर्भातच एका जिल्ह्याच्या गावी काम करते. सेंट्रिफ्यूज आहे, त्याच्या अंगावर मी मार्करने त्रिज्या लिहून ठेवली आहे. पीआरपी देते, पण पहिल्या भेटीत कधीच नाही. पहिल्या भेटीत सळई, नाडी, साखर, आणि एक प्रश्न जो मला कुठल्या पुस्तकाने दिला नाही: दिवसभर बसता कसे, दाखवा बरं. विड्या वळणाऱ्या बाया, चांभारकाम करणारे, देवळातले पुजारी, सगळे ओपीडीच्या फरशीवर मांडी घालून दाखवतात. बाहेरच्या रांगेतले लोक आत डोकावून बघतात की डॉक्टरीणबाईंकडे भजन आहे काय.

तुमच्या घरी मधुमेहाचं माणूस असेल, पायाला जखम असेल आणि कुणी पीआरपी सुचवलं, तर नाही म्हणू नका. त्याआधी एवढंच विचारा: पायाची नाडी लागते का? जखम हाडापर्यंत गेलीय का, सळई घालून पाहिलं का? आणि जखमेवर रोज भार कशाचा पडतो? या तिन्हींचं उत्तर मिळालं की मग खुशाल हात पुढे करा आणि रक्त द्या.